सरकारी बक्षीस सर्व्हिस: रक्कम फाइव्ह स्टार, पुढची सोय आपली आपण बघा

आधीच सांगतो, ही सर्व्हिस मी स्वतः वापरलेली नाही आणि वापरायची वेळ माझ्यावर येऊ पण नये. पण पलूसला माझं सेवा केंद्र आहे, दिवसभर सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, कुणाचं केवायसी अडकलेलं, हेच चालू असतं, त्यामुळं सरकारी योजना कागदावर कशी दिसते आणि माणसाच्या हातात पडेपर्यंत तिचं काय होतं हे जरा तरी कळतं. म्हणून ओलीस सोडवायला आणि बंडखोरांचे म्होरके पकडून द्यायला सरकारं जी बक्षिसं लावतात त्याचा हा रिव्ह्यू, फॉर्म भरून देणाऱ्या माणसाच्या नजरेतनं.

विषय निघाला ऑक्टोबर २०२५ मध्ये. गडचिरोलीत माओवाद्यांचा मोठा नेता भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, साठ साथीदारांना घेऊन मुख्यमंत्र्यांपुढं शस्त्रं ठेवून शरण आला. त्याच्यावर सगळी राज्यं धरून सहा कोटींचं बक्षीस होतं अशा बातम्या होत्या आणि त्या दिवशी केंद्रात येईल त्याचा एकच प्रश्न, मग ते सहा कोटी आता कुणाला? शरण आलेल्याला, पोलिसांना, का परत तिजोरीत? एक जण तर म्हणाला, "दादा, त्याचा फॉर्म सुटलाय का बघा की." हसले सगळे, पण प्रश्न काय चुकीचा नव्हता. मग काय, रात्री दुकान बंद करून मी जगभरातल्या बक्षिसांचं वाचत बसलो, बायको म्हणाली त्यापेक्षा जीएसटी भरा.

तर या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुकान अमेरिकेचं, रिवॉर्ड्स फॉर जस्टिस. १९८४ पासून चालू आहे, त्यांच्या परराष्ट्र खात्याचा सुरक्षा विभाग ते चालवतो आणि आतापर्यंत सव्वाशेच्या वर लोकांना २५ कोटी डॉलरपेक्षा जास्त वाटले असं ते स्वतःच सांगतात. वेबसाइट एकदम झकास. फोटो, नाव, रक्कम, खाली बटण. माहिती व्हॉट्सॲपवर द्या, सिग्नलवर द्या, टेलिग्रामवर द्या, फारच भीती वाटत असेल तर ओळख लपवणाऱ्या टॉर ब्राउझरवरनं द्या. आधार नाही, ओटीपी नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. आमच्याकडं विहिरीच्या अनुदानाला जेवढे कागद लागतात त्याच्या दहावा हिस्सा पण इथं लागत नाहीत. फॉर्म भरायची सोय म्हणाल तर पाचपैकी पाच, मी स्वतः असा फॉर्म जन्मात बघितला नाही.

पण जरा खाली वाचलं की कळतं. सगळीकडं एकच शब्द, 'पर्यंत'. एक कोटी डॉलरपर्यंत, अडीच कोटी डॉलरपर्यंत. दिवाळीत कापड दुकानाच्या बोर्डावर '५० टक्क्यांपर्यंत सूट' लिहिलेलं असतं आणि आपण घेतो त्या साडीवर नेमकी दहाच टक्के निघते, तसलाच हा 'पर्यंत'. किती द्यायचे, द्यायचे का नाही, हे शेवटी त्यांचे परराष्ट्रमंत्री ठरवणार आणि त्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जाता येत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. सरकारी नोकर असाल आणि ड्युटीचा भाग म्हणून माहिती दिली तर काही नाही. म्हणजे तक्रार निवारण कक्ष शून्य. आपल्याकडं निदान 'आपले सरकार' पोर्टलवर रडता तरी येतं.

आणि माल कधीकधी नुसता शोकेसमध्येच. हाफिज सईदचं बघा, मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यातला, त्याच्यावर एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेनं एक कोटी डॉलर लावले. पठ्ठ्यानं लगेच रावळपिंडीत, पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयाजवळच्या हॉटेलात पत्रकार परिषद घेतली, मी काय डोंगरात लपलेलो नाही, हा इथं बसलोय, पैसे मलाच द्या! मग अमेरिकेला खुलासा करावा लागला की पत्ता आम्हाला माहितीय, आम्हाला कोर्टात टिकेल असा पुरावा पाहिजे. अरे मग बोर्डावर तसं लिहा की मोठ्या अक्षरात. पुढं २०१९ मध्ये पाकिस्ताननं त्याला अतिरेक्यांना पैसा पुरवण्याच्या केसमध्ये आत टाकला आणि शिक्षाही झाली, पण मुंबईच्या हल्ल्याबद्दल नाही. ज्या माणसाला सगळं गाव ओळखतंय आणि धरणारंच कोणी नाही त्याच्यावर बक्षीस लावून काय उपयोग?

आता ज्यांना खरंच पैसे मिळाले त्यांच्याकडं बघू, कारण रिव्ह्यू शेवटी तिथंच होतो.

२२ जुलै २००३, इराकमधलं मोसुल. सद्दामची दोन पोरं, उदय आणि कुसय, एका ओळखीच्या माणसाच्या बंगल्यात लपलेली. माहिती गेली, बंगला वेढला, दोघं मेले. दोघांचे मिळून तीन कोटी डॉलर दिले गेले, या सर्व्हिसच्या इतिहासातलं मोठं पेमेंट, आणि ते पण लवकर झालं, आमच्या पीक विम्यासारखं हंगाम उलटायची वाट नाही बघितली. पण टीप देणाऱ्याला कुटुंब घेऊन देश सोडावा लागला, आणि मागं राहिलेला भाऊ पुढच्या वर्षी मारला गेला. पैसे बँकेत आणि भाऊ कबरीत. आता याला किती स्टार द्यायचे तुम्हीच सांगा.

फिलिपिन्सचं जरा वेगळं. तिथं अबू सय्याफ म्हणून टोळी, २००१ च्या मे महिन्यात त्यांनी पालावानच्या रिसॉर्टवरनं वीस लोक उचलले, त्यात ग्रेसिया आणि मार्टिन बर्नहॅम हे अमेरिकन मिशनरी जोडपं. वर्षभर जंगलात फरफट. ७ जून २००२ ला लष्करानं सुटकेसाठी हल्ला केला त्यात ग्रेसिया वाचली, मांडीत गोळी घेऊन, पण मार्टिन गेला आणि एडिबोरा याप नावाची फिलिपिनो नर्स पण गेली. बक्षिसं दोन्ही सरकारांनी लावलेली होती, तरी शेवट असा. नंतर टोळीचे म्होरके जंजलानी आणि अबू सोलेमान मारले गेले आणि जून २००७ मध्ये जोलो बेटावर अमेरिकेनं एक कोटी डॉलर वाटले. टीप देणारे तोंडाला बुरखे बांधून आलेले, पैशाच्या बॅगा कॅमेऱ्यासमोर हातात दिल्या. मला हा फोटोसेशनचा प्रकार अजिबात पटला नाही. बेट केवढं, लोक किती, बुरखा बांधला म्हणून माणूस ओळखू येत नाही व्हय? आमच्या गावात माणूस पाठमोरा चालला तरी कुणाचा कोण ते सांगतील, चप्पल बघून सांगतील. पण जाहिरात करायची असते ना, पुढचं गिऱ्हाईक यायला पाहिजे.

माझ्या मते या सगळ्यात डोकं लावून सर्व्हिस कुणी बनवली असेल तर कोलंबियानं. आणि तिथंच सगळ्यात घाण पण बघायला मिळते.

तिथले बंडखोर फार्क. शेकडो लोक ओलीस, काही दहा-दहा वर्षं जंगलात साखळीनं बांधलेले. मार्च २००८ मध्ये फार्कच्या सात जणांच्या वरच्या मंडळातला इव्हान रिओस, त्याच्याच सुरक्षाप्रमुखानं त्याला मारला. या सुरक्षाप्रमुखाचं टोपणनाव रोहास. मारून थांबला नाही, उजवा हात तोडला, सोबत लॅपटॉप आणि ओळखपत्र घेतलं आणि लष्कराकडं गेला, हे बघा, पटलं का, आता बक्षीस काढा. म्हणजे केवायसी म्हणून तोडलेला हात! आता सरकारची पंचाईत. रक्कम पंचवीस लाख डॉलरच्या घरात होती. द्यावं तर सरकार खुनाची सुपारी देतंय असं दिसणार, न द्यावं तर उद्या दुसरा कोणी येणार नाही. देशभर वाद झाला. शेवटी सरकारनं शब्द फिरवला, पैसे खुनाचे नाहीत, लॅपटॉपमधल्या माहितीचे आहेत. हे वाचून मला हसू पण आलं आणि पोटात कसंतरी पण झालं. हेडिंग बदलून बिल पास करायची कला सगळ्या देशात एकच दिसते. पण हा पैसा देऊ नये असंच माझं मत आहे, रिओस काय धुतल्या तांदळाचा नव्हता तरी.

त्याच वर्षी दुसरी केस. ऑस्कर तुलिओ लिझकानो, माजी खासदार, ऑगस्ट २००० मध्ये पळवलेला. आठ वर्षं झाली, माणूस पार खंगलेला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उरिबे यांच्या सरकारनं जाहीर केलेलं की जो बंडखोर ओलीस घेऊन बाहेर येईल त्याला पैसे मिळतील, आणि परदेशात जायची सोय पण करू, फ्रान्सशी बोलणं झालंय. म्हणजे बक्षीस बाहेरच्या माणसाला नाही, पहारेकऱ्यालाच. आणि एक पहारेकरी, टोपणनाव इसाझा, खरंच निघाला. स्वतःच्या कैद्याला घेऊन. पहाऱ्यावरचा माणूस पुढं, त्याच्या मागं आजारी लिझकानो, दिवसा लपायचं, रात्री चालायचं, खायला धड काही नाही, मागनं त्याचेच जुने सोबती शोधत येणार. तीन दिवस असं करून २६ ऑक्टोबर २००८ ला ते लष्कराच्या हाताला लागले. त्याला साधारण चार लाख डॉलर मिळाले, आणि डिसेंबरात तो आणि त्याची मैत्रीण विमानानं पॅरिसला.

आता या दोन केस शेजारी शेजारी ठेवा. एकानं हात आणला, एकानं जिवंत माणूस आणला. ज्यानं माणूस आणला त्याची रक्कम कमी होती पण तो देशाबाहेर गेला, सुटला. मी म्हणतो ती सर्व्हिस हीच, रकमेचा आकडा नंतरचा. टीप दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तू कुठं उठणार हे सरकारनं आधी सांगितलं पाहिजे. इसाझाच्या केसला पाचपैकी साडेचार, अर्धा यासाठी कापला की तो पण आदल्या दिवसापर्यंत ओलीस राखतच होता, त्याचा हिशोब कुणी विचारला नाही.

नाहीतर डॉक्टर शकील आफ्रिदीचं बघा. ओसामावर अडीच कोटी डॉलर वर्षानुवर्षं लावलेले, २०११ ला अबोटाबादला मारला तेव्हा ती रक्कम कुणालाच गेली नाही. ज्या डॉक्टरनं ओसामाचा माग काढायला लसीकरणाच्या नावाखाली सीआयएसाठी काम केलं तो पाकिस्तानात आत गेला, आरोप कागदावर वेगळाच, शिक्षा ३३ वर्षं, नंतर ती २३ वर आली. आफ्टर सेल्स सर्व्हिस वजा पाच.

तेच २ जुलै २००८ ला कोलंबियाच्याच लष्करानं राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवताना पळवलेली इंग्रिड बेटनकोर्ट आणि तीन अमेरिकन धरून पंधरा ओलीस सोडवले ते एक गोळी न झाडता. मदतसंस्थेचे लोक असल्याचं सोंग घेऊन पांढरं हेलिकॉप्टर उतरवलं आणि फार्कच्याच लोकांनी ओलीस आणून आत बसवले. डोकं चाललं तर असं. आता हे वाचून सातारकर म्हणणार आम्हाला काय सांगता, येसूबाई १६८९ ला रायगड पडल्यापासून मोगलांच्या कैदेत होत्या, त्या १७१९ ला परत आल्या त्या बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन दिल्लीला गेले आणि सय्यद बंधूंशी करार केला म्हणून. बरोबर आहे. तीस वर्षं लागली हे पण बरोबर आहे.

आणि आपल्या भागाचं म्हणाल तर आपण या सर्व्हिसचे फार जुने गिऱ्हाईक. उमाजी नाईकांवर इंग्रजांनी रक्कम वाढवत वाढवत नेली, शेवटी दहा हजार रुपये रोख आणि चारशे बिघे जमीन. त्या काळात! आतल्याच माणसांनी दगा दिला, १५ डिसेंबर १८३१ ला भोरजवळ उतरोलीला धरले, ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी. म्हणजे सर्व्हिस चालली. पण रंगो बापूजींच्या वेळी तीच सर्व्हिस पार तोंडावर पडली. साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू मांडायला लंडनला जाऊन वर्षानुवर्षं बसलेला हा माणूस, १८५७ च्या उठावाचा कट फुटला, इंग्रजांनी ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून, त्यात रंगो बापूजींचा मुलगा पण. स्वतः रंगो बापूजी मात्र सापडले नाहीत ते नाहीतच. इनाम लावून पण नाही. साताऱ्यात चार भिंतीला संध्याकाळी फिरायला जाता ना, तिथं त्यांची आठवण उभी आहे, वडापाव खाऊन झाला की जरा वाचत चला.

मग प्रतिसरकार. आमचा पलूस, कुंडल, वाळवा, येडे मच्छिंद्र हा सगळा तेव्हाचा सातारा जिल्हाच. १९४२ पासून क्रांतिसिंह नाना पाटील जवळजवळ चार वर्षं भूमिगत, डोक्यावर बक्षीस, आणि इंग्रजांच्या हाताला लागले नाहीत. मी आमच्या एका तात्यांना विचारलं, वय नव्वदीकडं झुकलेलं, लहानपणी भाकरीची फडकी पोचवायचे म्हणतात.

"तात्या, बक्षीस होतं तर कुणी सांगितलं कसं नाही ओ?"

"सांगून जायचं कुठं? पैसं पोलीस देणार, पर रातीला झोपायचं गावातच न्हवं का." जरा थांबून म्हणाले, "आन् सांगणाऱ्याचं पाय कसं व्हायचं ते आमी बघितल्यात."

तळपायावर काठ्यांचे फटके, त्यालाच लोक पत्री म्हणायचे, फितुराला आणि सावकाराच्या गुंडाला तीच शिक्षा. नुसती भीती होती असं पण नाही म्हणता येत, तात्या दोन तास जे बोलले ते लग्न बिनहुंड्याची कशी लागायची आणि भांडणं गावातच कशी मिटायची त्याबद्दलच बोलले. पण त्यांनी पायाचं आधी सांगितलं हे मी पण इथं आधीच लिहितो. इंग्रजांची तिजोरी मोठी होती, टीप देणाऱ्याला रात्री सांभाळणारा माणूस त्यांच्याकडं नव्हता. मोसुलला तेच झालं.

वीरप्पनचं पण थोडक्यात सांगतो कारण काउंटरवर कुणीतरी विचारतंच. जुलै २००० मध्ये त्यानं कन्नड सुपरस्टार राजकुमारना उचललं, १०८ दिवसांनी सोडलं. ऑक्टोबर २००४ मध्ये पोलिसांनी त्याला ॲम्ब्युलन्समध्ये बसवून आणला, ॲम्ब्युलन्स पोलिसांचीच, आणि संपवला. नंतर जयललितांनी त्या टास्क फोर्सच्या प्रत्येकाला तीन लाख रुपये, घरासाठी प्लॉट आणि प्रमोशन जाहीर केलं. पोलिसांनाच बक्षीस द्यायचं यात लपवाछपवी नाही, बुरखा नाही, हा मुद्दा मला पटतो. पण त्या जंगलाकडंच्या गावातल्या लोकांनी दोन्ही बाजूंचा मार खाल्ला, त्यांना प्लॉट कुणी दिला नाही.

गडचिरोलीचं मॉडेल मला म्हणून बरं वाटतं. तिथं सरकार म्हणतं, तुझी टीप दुसऱ्यानं कशाला द्यायची, तूच ये. आत्मसमर्पण योजना २००५ पासून आहे, पुनर्वसनाची रक्कम, घर, कामधंदा, आणि पोलीस सोबत असल्यामुळं जायचं कुठं हा तात्यांचा प्रश्न निदान अर्धा तरी सुटतो. पाचपैकी चार. एक स्टार कापला कारण दिलेला शब्द आणि मिळालेलं घर यात किती महिने जातात ते माझ्या काउंटरवर घरकुलवाल्यांना विचारा.

शेवटी टॅक्स, कारण तो प्रश्न पण आला होता. सरकारनं जनहितासाठी दिलेल्या मान्य बक्षिसाला जुन्या इन्कम टॅक्स कायद्यात कलम १०(१७ए) खाली सूट होती. पण सूट असली तरी रिटर्नमध्ये माफ उत्पन्न म्हणून ते दाखवायचं असतं. मी आमच्या सीएला विचारलं, समजा गुपचूप टीप देऊन कुणी पाच लाख घेतले तर रिटर्नला काय लिहायचं. तो म्हणाला, असलं गिऱ्हाईक आलंच तर त्याला थेट कोल्हापूरला पाठव, आणि मला त्याचं नाव पण सांगू नकोस.